रात काऊन तापून राहिली

मोतीराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. मुर्रीच्या आमच्या घरी मे महिन्यात हे काम दिवसातून तीनदा करावं लागतं, आणि घरात रिकामा माणूस मीच. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून त्याची सून ललिता म्हणाली, "काकाजी, बाबा गेले नं... पहाटेले." मी "बरं" म्हणालो. बैठकीची वेळ बदलली असं कुणी कळवलं तर आपण म्हणतो तसं. फोन बंद झाला, मी उभाच होतो. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, पानी बह रहा है." कूलर भरून वाहत होता आणि माझ्या चपला भिजल्या होत्या. मी नळ बंद केला, चपला उन्हात ठेवल्या आणि मग आत जाऊन बायकोला सांगितलं.

गाव आमचं तिरोड्याच्या पुढे, बोदलकसाच्या वाटेवर. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि ती मिळाल्याचं मला बरं वाटलं, हेही आठवतं. आपला सर्वात जुना मित्र अंगणात निजवलेला आहे आणि आपण खिडकीच्या जागेवर खूश आहोत, याची लाज पुढे केव्हातरी वाटली. त्या दिवशी कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याचा चेहरा पाहिला, हात लावला, स्मशानातून परत येऊन आंघोळ केली, ललिताने दिलेला चहा प्यालो. दवाखान्याच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. घरातल्या बायका मात्र सांगत होत्या की चार रात्री तो झोपलाच नव्हता. पंखा गरम हवा फेकायचा, मग हा उठून अंगणात, अंगणातून पडवीत, पडवीतून परत आत. उन्हाने मारलं असं कुणी लिहिलं नाही आणि मीही लिहिणार नाही. एका माणसाच्या मरणाचा दोष असा सरळ हवामानावर टाकता येत नाही, एवढं विज्ञान मला येतं. पण त्या चार रात्री कशा होत्या हे मलाही ठाऊक आहे. मी मुर्रीत कूलरसमोर होतो आणि तरी उशी भिजत होती.

मोतीराम आमच्या गावच्या तळ्याचा पाणकर होता. तळ्याच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायचं जे दार असतं त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते केव्हा उघडायचं, किती उघडायचं, कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी जाईल आणि कुणाच्या नंतर, हे सगळं पाणकर ठरवतो. त्याच्या कुठल्यातरी पणजोबाने गाव जमवून हे तळं खोदलं, तेव्हापासून हे काम त्याच घरात. आम्ही दोघं एका वर्गात, एका पाटावर शिकलो. सातवीत त्याचे वडील अंथरुणाला खिळले आणि तो फावडं खांद्यावर टाकून पाळीवर गेला. मी पुढे शिकलो, तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो, 'सर' झालो. गणित त्याचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी वर्गात कधी मुलांना सांगितलं नाही, आता सांगतो.

त्याच्या घरचा एक नियम होता. पाणकराच्या स्वतःच्या बांधीला पाणी सर्वात शेवटी. सगळ्या गावाची पाळी संपली आणि तळ्यात काही उरलं तर त्याची. त्यामुळे गावात पाण्यावरून भांडणं झाली तरी मोतीरामशी कुणी भांडलं नाही. पहाटे तो पाळीच्या पायऱ्यांवरून उतरून गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहायचा. तळं किती उतरलं हे त्याला पायांनी कळायचं. पाणी किती, आणि पाणी कसं आहे तेही.

आता तो प्रसंग सांगावाच लागेल, कारण हा लेख त्याच्यासाठी लिहितो आहे. वीसेक वर्षं झाली असतील. देवळाच्या मंडपात गावकऱ्यांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम ठेवला होता आणि वक्ता अर्थातच मी. रंगीत तक्ता टांगला, हातात पट्टी घेतली आणि सांगितलं की आभाळात ओझोन नावाचं एक आवरण आहे, त्याला भोक पडलं आहे, त्या भोकातून जास्त ऊन आत येतं आणि म्हणून पृथ्वी तापते आहे. शाळेतही मी हेच शिकवत होतो. छान सोपं होतं, मुलांच्या लक्षात राहायचं. मागच्या रांगेतून मोतीराम उठला. "मास्तर, भोकातून ऊन येते त दिवस तापाले पायजे. रात काऊन तापून राहिली? दिवसाचं ऊन माह्या बापाच्या टायमालेबी तापे. पण पहाटेले पाणी थंड होऊन जाये. आता रात उतरूनच नाही राहिली."

प्रश्न लाख मोलाचा होता. आणि ज्या मास्तराजवळ उत्तर नसतं तो जे करतो ते मी केलं. म्हणालो, "मोतीराम, तू तुडुम सांभाळ. आभाळ माझ्याकडे राहू दे." मंडप हसला. मोतीरामही हसला आणि खाली बसला. गावाला हे वाक्य इतकं आवडलं की ते त्याच्या मागेच लागलं. पाऊस कधी येईल असं त्याने कुणाला नुसतं विचारलं तरी समोरचा म्हणायचा, "आभाळ मास्तरकडे हाय, तू तुडुम पाय." लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे. मला त्यात काही वर्षं मजाच वाटत होती.

पुढे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात कळलं की मी जे शिकवत होतो ते चूक आहे. ओझोनला भोक पडलं हे खरं, पण त्यातून येतात ते अतिनील किरण, कातडीला आणि डोळ्यांना वाईट. पृथ्वी तापते ती वेगळ्याच कारणाने. सूर्याचा उजेड हवेतून जवळजवळ सरळ खाली येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन ती उष्णता परत सोडते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात, आणि दिवसरात्र सोडते. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू ही परतीची उष्णता अडवून धरतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली धाडतात. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती, म्हणजे त्यांच्यामुळेच आपण आहोत. पण कोळसा, डिझेल जाळून जाळून आपण त्यांचं प्रमाण वाढवून ठेवलं. आता जमिनीची उष्णता पूर्वीइतकी सहज वर निघून जात नाही. ऊन नसलं तरी हे अडवणं चालूच असतं, म्हणून रात्रीही तापतात. मोतीरामने बरोबर त्याच जागी बोट ठेवलं होतं. मी दुसऱ्या दिवशीपासून वर्गात गुपचूप नवं शिकवू लागलो. जुन्या मुलांना कुणी सांगायला गेलं नाही, आणि मोतीरामला तर नाहीच.

त्यानंतर एका पौषात मी गावी गेलो होतो. तो पाळीवर शेकोटी करून बसला होता. म्हणाला, "मास्तर, एक गोष्ट पाहून ठेवली हाय. आभाळ कोरं असलं का थंडी हाड फोडते. ढग आले का रातभर ऊब. म्हंजे जमिनीची गरमी वर जाऊन राहते आणि ढग तिले जाऊ देत नाही. ढग त दिसते. न दिसणारं बी काही असन नं तसं?" शाळा सातवीत सुटलेल्या माणसाने शेकोटीशी बसून अख्खा धडा मांडला होता. मी त्याला मग सगळं नीट सांगितलं, वायूंची नावं, कोळसा, सगळं. गरम हवेत वाफ जास्त मावते म्हणून हल्ली पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधे पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, हेही. रात्र गरम असली की धानाचं झाड दिवसभर कमावलेलं रात्री जाळून टाकतं, म्हणून लोंब्यांत पोचट दाणे वाढतात, हेही सांगितलं. मला हे जन्मापासून ठाऊक असल्यासारखा बोलत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते भोक?" मी म्हणालो, "तो वेगळा विषय आहे." त्याने शेकोटीत काडी सरकवली.

मी निवृत्त झालो, मुलाजवळ मुर्रीत राहायला आलो, गुडघे धरले, आणि तळ्याखालची माझी शेती बटईने मोतीरामकडेच दिली. एका खरिपात कृषी महाविद्यालयाची एक मुलगी त्याच्या बांधीत आली. धानाच्या चुडांवर, म्हणजे रोपांच्या झुबक्यांवर, पारदर्शक पेट्या पालथ्या घालायची आणि त्यातली हवा सिरिंजने ओढून बाटल्यांत भरायची. याने तिला कायले, काऊन करून भंडावून सोडलं. तिने सांगितलं की बांधीत पाणी सतत उभं राहिलं की खालच्या चिखलात हवा जात नाही, तिथे धसकटं कुजतात आणि मिथेन तयार होतो. तो धानाच्या पोकळ काड्यांतून आणि बुडबुड्यांतून वर येतो. कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो कितीतरी पट जास्त उष्णता धरतो.

त्या दिवशी त्याचा मला फोन आला. चिखलात पाय टाकला की पोटऱ्यांशी बुडबुडे येतात, ते तो लहानपणापासून पाहत होता. "मास्तर, माह्या बापानं मले एकच शिकवलं, पाणी उभं ठेव. आमच्या घराची सारी इज्जत त्यातच. आणि हे पोरगी म्हणते..." मी समजूत घातली. म्हटलं, जगात जळणाऱ्या कोळशापुढे तुझी बांधी काहीच नाही, लोकांना भात खायला लागतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. तो म्हणाला, "कोळसा माह्या हातात नाही. तुडुम हाय."

त्या मुलीनेच त्याला युक्ती सांगितली होती. भोकं पाडलेली नळी बांधीत रोवायची, म्हणजे जमिनीखाली पाणी किती आहे ते दिसतं. वरचं पाणी आटू द्यायचं, नळीतलं पाणी वीतभर खाली गेलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाणी तोडायचं नाही. चिखलाला हवा लागते, मिथेन कमी होतो, पीक घटत नाही आणि तळ्याचं पाणी वाचतं ते वेगळंच. उन्हाळी धानाच्या एका हंगामात त्याने स्वतःच्या बांधीत करून पाहिलं. साधलं. मग गेल्या वर्षी जानेवारीत, उन्हाळी धानाच्या रोवणीआधी, त्याने गावाची बैठक बोलावली आणि मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तू मास्तर हायेस. तू सांगतलं त ऐकतीन."

त्याच मंडपात बैठक होती. मोतीराम उभा राहिला, नीट सांगितलं. आभाळात उष्णता अडते ती अशी, बांधीतला वायू त्यात असा भर घालतो, म्हणून पाणी असं सोडू. अर्ध्यात कुणीतरी म्हणालं, "आभाळ मास्तरकडे हाय, तू तुडुम पाय." सगळे हसले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की त्या दिवशी चुकलो होतो मी, बरोबर होता तो. एका वाक्याचं काम. पण समोर माझे विद्यार्थी बसले होते. विलास, जो आता सरपंच आहे, त्याला तर भोकाच्या उत्तराला मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. मी म्हणालो, "करून पाहायला हरकत नाही." असं मेलेल्या आवाजात बोललेलं कोण ऐकतो? बैठक उठली. मोतीरामने मला बसपर्यंत सोडलं, वाटेत माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

यंदाच्या मेमध्ये, जायच्या पाच दिवस आधी, त्याचा शेवटचा फोन आला. "पहाटेले तळ्यात पाय टाकला, मास्तर. पाणी कोमट लागून राहिलं." त्या दिवशी मला ते मंडपात राहिलेलं वाक्य सांगायचं होतं. शपथेवर सांगतो, ओठांवर होतं. मी म्हणालो, "पुढच्या हप्त्यात येतो, मग बोलू." तो म्हणाला, "ये."

तेराव्याला मी जेवलो, भाजीत मीठ कमी आहे हे मला कळलं, आणि लोक रडत होते त्यांच्याकडे मी पाहत होतो. मला रडू येत नव्हतं. घरी येऊन मी रोज कूलर भरत होतो. जूनमध्ये विलासचा फोन आला की नवीन पाणकर ठरवायचा आहे, सर, तुम्ही या.

मंडपात सगळं गाव होतं. पाणकराचा विषय निघायच्या आधीच विलास म्हणाला, "यंदापासून आपण सारे बांधीतलं पाणी उतरवत जाऊ, काकांनी सांगतलं होतं तसं. आता भेवाचं काम नाही. सरच्या बांधीत दोन उन्हाळे झालं, पीक एक पोतंही घटलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काहीच कळेना. "माझ्या बांधीत?" मी विचारलं. मंडपाच्या खांबाशी ललिता उभी होती. ती म्हणाली, "हो काकाजी. सरचा प्रयोग हाय, असं सांगे बाबा साऱ्यायले. तुमच्या नावानं होईन त गाव मानन, म्हणत."

त्या बैठकीत मी चूक कबूल केली नाही, त्याची दाद लागली नाही, म्हणून त्याने माझ्याच शेतात, माझ्याच नावाने, मला न कळवता ते करून दाखवलं होतं. आणि माझ्या घरी धान येत होतं, मी खात होतो.

मी उभा राहिलो. सांगितलं की प्रयोग माझा नाही, मला त्याची गंधवार्ता नव्हती. मग ते भोकाचंही सांगितलं. वीस वर्षांपूर्वी ह्याच जागी मी चुकीचं शिकवलं, मोतीरामने बरोबर विचारलं आणि मी त्याला हसण्यावारी नेलं, आणि चूक कळल्यावरही तोंड उघडलं नाही. आवाज कापला नाही. वर्गात हजेरी घ्यावी तसं बोललो. कुणी हसलं नाही. मग विलास बसल्या जागेवरून, खाली पाहत म्हणाला, "सर, भोकाचं आमा दोघाचौघायले माहीत होतं. त्या पोरीनं काकाले सांगतलं, काकानं आमाले. गेल्या सालच्या बैठकीच्या आधीच. म्हणे, मास्तरले कोणी बोलू नोका, त्यायनं जिंदगीभर पोरं शिकवले, मनाले लागन त्यायच्या."

म्हणजे त्या बैठकीत सगळे हसले तेव्हा त्याला ठाऊक होतं. 'मास्तर चुकला होता' एवढं म्हटलं असतं तर त्याचं काम तिथेच झालं असतं. त्याने म्हटलं नाही. मी खाली बसलो. मागून कुणीतरी विचारलं, "बरं, पाणकर कोन मंग?" आणि बैठक पुढे चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताने मला माझ्या बांधीत नेलं. उन्हाळी धानाची धसकटं तशीच होती आणि धुऱ्यापासून, बांधीच्या कडेपासून, चार हातांवर ती नळी. वर नारळाची करवंटी पालथी घातली होती. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "बेडूक पडते आतमंदी. मंग वर येता नाही येत त्यायले." मी करवंटी उचलली. आत अंधार होता, तळाला भेगाळलेली माती. करवंटी हातात धरून मी धुऱ्यावर बसलो, आणि मग मला जे रडू आलं ते आवरेना. ललिता लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली.

आता रोवणी आटोपली आहे. या हप्त्यात पावसाने उघडीप दिली म्हणून गावी जाऊन आलो. निम्म्या बांध्यांत नळ्या उभ्या आहेत, आणि कुणी सांगितलं देव जाणे, प्रत्येकीवर करवंटी आहे. गावाने त्यांचं नाव 'सरची नळी' ठेवलं आहे. एवढं सगळं मंडपात सांगूनही. मी दर वेळी दुरुस्ती करतो. परवा एक म्हातारी धुऱ्यावरून सुनेला सांगत होती, "सरच्या नळीत पाय वं, पाणी कितीक उतरलं." सून गुडघाभर चिखलातून नळीपाशी गेली.

"मोतीरामची आहे ती," मी म्हणालो.

"हो सर," ती म्हणाली. तिने करवंटी उचलून आत पाहिलं आणि होती तशी परत झाकून ठेवली.